नाव घातलेला डबा

काकूंच्या पोळपाटाचा एक पाय आखूड होता. पोळ्या लाटायला लागल्या की तो ओट्यावर टक टक वाजायचा, आणि त्या आवाजाने मला जाग यायची. त्याआधीची पाच वर्षं मी घंटेने उठले होते. बालिकागृहात पहाटे पितळी घंटा वाजायची, मग नळावरच्या बादल्या, मग लोखंडी ताटल्यांचा ढीग जमिनीवर आपटल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर बहनजींचा म्हणजे आमच्या अधीक्षिकाबाईंचा आवाज. काकूंच्या घरी मात्र कुणी उठवत नसे. मी जागी होऊन पांघरुणात तशीच पडून राहायची आणि पोळ्या मोजायची. चार पोळ्या काकांच्या, दोन काकूंच्या, आणि त्यानंतरच्या दोन वाजल्या की कळायचं, या माझ्या. नुसतं ऐकूनच पोट भरल्यासारखं वाटायचं. लखनौच्या थंडीत रजईतून बाहेर न येता आपल्या वाटच्या पोळ्या लाटल्या जाताना ऐकणं, याहून मोठं सुख मला पुढच्या आयुष्यात मिळालं असेल तर ते आठवत नाही.

मी त्या घरी कशी आले, ते थोडक्यात सांगते. माझे वडील चिनहटच्या एका कारखान्यात कामाला होते. आई आणि ते वर्षभरात एकापाठोपाठ गेले. गावाहून एक मामा आला, मला बघून, डोक्यावरून हात फिरवून गेला, आणि मी सहाव्या वर्षी बक्षी का तालाबच्या रस्त्यावरच्या बालिकागृहात दाखल झाले. गणपतीत शहरातल्या मराठी मंडळाच्या बायका तिथे प्रसाद वाटायला येत. अकराव्या वर्षी त्यातल्या एका बाईंनी माझं नाव विचारलं. ‘कुंदा’ म्हटल्यावर आडनाव विचारलं, आणि ते ऐकून त्या हातातलं मोदकांचं पातेलं तसंच धरून म्हणाल्या, “अगो बाई, ही तर आपली!” त्या काकू. काका एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे, दोघं संस्थेच्या वसाहतीत राहायची, त्यांना मूलबाळ नव्हतं. पंधरा दिवसांत कागद तयार झाले. बहनजी काकूंना म्हणाल्या, “होली तक रख के देख लीजिए। न जमे तो वापस कर जाइएगा।” मी शेजारीच उभी होते. पुढे काकूंबरोबर अमीनाबादेत गेले तेव्हा तिथल्या कापडवाल्याच्या तोंडी मी हेच वाक्य ऐकलं, आणि त्याने ते निदान साडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलेलं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात साताऱ्याहून आलेल्या गोड्या मसाल्याचा आणि भाजणीचा वास, काकांच्या टेबलावर वर्तमानपत्रात दाबून ठेवलेल्या पानांचा वास, आणि बाहेर वसाहतीतल्या भैयाची “आलू ले लो, गोभी ले लो” ही हाक. काकू माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. “कुंदे, वरण वाढू का?” “हाँ, थोड़ा-सा.” “थोड़ा-सा काय? थोडंसं म्हण.” काका हसायचे. म्हणायचे, “अगं, मी इथे वीस वर्षं आहे, मलाही आता थोड़ा-सा म्हटल्याशिवाय कमी मिळत नाही.” त्या घरात सहा महिन्यांत माझी मराठी परत आली. ती एवढी एकच गोष्ट नंतर कुणाला माझ्याकडून परत घेता आली नाही.

शाळेत घालायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला अमीनाबादेत नेलं आणि स्टीलचा दोन पुडांचा, कडीचा डबा घेतला. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याशिवाय बाई दुकानातून हलत नाही. काकूंनी दुकानदाराला थांबवलं. तो यंत्राची सुई डब्याच्या झाकणावर टेकवून विचारत होता, “क्या लिखूँ, भाभीजी?” काकूंनी क्षणभर विचार केला. आडनाव कुठलं घालायचं, हा प्रश्न असणार. मग म्हणाल्या, “नुसतं कुंदा लिखो.” सुई करकरली आणि माझं नाव झाकणावर उमटलं. बालिकागृहात ताटल्यांवर संस्थेचं नाव होतं, चादरीवर दान देणाऱ्याचं. माझं नाव कशावरही असण्याची ही पहिलीच वेळ. रिक्षात मी डबा मांडीवर घेऊन बसले आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. काकू म्हणाल्या, “हे बघ कुंदे, शाळेत कुणी विचारलं तर मी तुझी काकू, सख्खी. आईबाबा गावाला असतात म्हणायचं. बाकी काही सांगायचं नाही. लोक चांगले नसतात गं.” त्यांनी हे मायेने सांगितलं, त्यात मला शंका नाही. पण लपवायचं म्हणजे त्यात काहीतरी घाण आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पहिला महिना माझा. डबा रिकामा परत यायचा. संध्याकाळी दप्तर टेकवायच्या आत काकू डबा उघडायच्या, आत बघायच्या आणि मोरीत ठेवायच्या. त्यांच्या तोंडावर जे यायचं ते बघायला मी दारात रेंगाळायची. बटाट्याची पिवळी भाजी, मटकीची उसळ, पोळीला गूळतुपाचं बोट. वर्गातल्या मुली विचारायच्या, “ये क्या है?” आणि मी म्हणायची, “मेरी काकी बनाती हैं, हमारे यहाँ ऐसा ही बनता है.” ‘हमारे यहाँ’ म्हणताना माझा आवाज जरा मोठा व्हायचा.

दिवाळीनंतर बालिकागृहाच्या जुन्या शाळेतून माझा दाखला आला. त्यावर पालकाच्या जागी बहनजींचं पद आणि संस्थेचा पत्ता होता. आमच्या सरोज मिसने तो वाचला. सरोज मिस वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट बाईला माझं एवढं नुकसान करता आलं नसतं. ती गोड बोलायची, तिच्या पर्समध्ये मुलींसाठी गोळ्या असायच्या. दाखला वाचून तिला भरून आलं असणार. दुसऱ्या दिवशी तिने मला वर्गासमोर उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “बच्चियो, कुंदा का इस दुनिया में कोई नहीं है। यह अनाथालय से आई है। आज से हम सब इसका परिवार हैं। है ना?” वर्ग एका सुरात म्हणाला, “यस मिस.” मला आजही तो सूर ऐकू येतो. मला कुणी नाही हे चाळीस मुलींनी एकदम मान्य केलं, आणि मी मात्र मनात पोळपाटाची टकटक ऐकत उभी होते.

मग मिसने फळ्याच्या बाजूला एक तक्ता लावला. सोमवार ते शनिवार, रोज एका मुलीची पाळी. जिची पाळी तिने घरून कुंदासाठी जादा डबा आणायचा. मी डबा आणते, हे मिसला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. विचारलं तर नाहीच. मंगळवारी अलकाची पाळी असायची, तिची आई पुऱ्या आणि मटाराची घुघनी द्यायची. मुली मला मधे बसवून भोवती बसायच्या आणि मी खाते की नाही ते बघायच्या. मी पहिल्या दिवशी माझा डबा पुढे केला, “तुम भी लो ना, मेरी काकी ने बनाया है.” अलकाने हात मागे घेतला. “नहीं नहीं, तुम खाओ। तुम्हें ज़रूरत है।” त्यानंतर माझ्या डब्यातला घास कुणी घेतला नाही. देणाऱ्याला आपल्याकडून काही घ्यावंसं वाटत नाही, हे मला बालिकागृहापासून माहीत होतं. फक्त तिथे ते पाहुणे होते, आणि इथे बाकावरच्या मैत्रिणी.

आता कुणी म्हणेल, नको म्हणायचं होतं. तेच तर येत नव्हतं. बालिकागृहात दर गुरुवारी दानवाले यायचे. कुणाच्या आईचं श्राद्ध, कुणाच्या मुलाचा वाढदिवस. रांगेत बसायचं, पुढे येईल ते हसून खायचं, शेवटी हात जोडायचे. बहनजींचा एकच नियम, “मना नहीं करना।” एकदा एका मुलीने पोट दुखतं म्हणून खीर नाकारली, तर पाहुणे गेल्यावर तिला दोन वेळा ताटली मिळाली नाही. अन्न टाकलं तरी तीच शिक्षा. पाच वर्षांत हे हाडात मुरलं होतं. म्हणून मी अलकाच्या पुऱ्या खाल्ल्या, हसले, हात जोडले. आणि काकूंचा डबा टाकता येत नव्हता म्हणून भरलेला घरी नेला. दोन्ही खायचा प्रयत्न एकदा केला, तेव्हा शाळेच्या बसमध्ये उलटी झाली. गाईला घालायचं तर तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी घातलं नसतं. ते माझं होतं.

परवा लखनौच्या एका शाळेने मला शिक्षकांशी बोलायला बोलावलं. मी पुण्यात तीस वर्षं शिकवलं, संस्थांमधून आलेल्या मुलांबद्दल इथेतिथे बोलते, म्हणून. चकचकीत हॉल, पाण्याच्या बाटल्या. मी हीच हकीकत सांगितली. ऐकताना दोघीतिघींनी डोळे पुसले. नंतर चहाच्या वेळी मुख्याध्यापिका मला उत्साहाने म्हणाल्या, “मैम, हमारे यहाँ तो ऐसे हर बच्चे के साथ एक बडी, एक साथी बच्चा लगा है। लंच भी साथ करवाते हैं। चार्ट देखेंगी?” मी विचारलं, “बच्चों से पूछा था?” त्या म्हणाल्या, “बच्चे तो बहुत खुश हैं, कभी मना ही नहीं करते।” मी तक्ता पाहिला. रंगीत होता, कडेला फुलं काढली होती. चहा तसाच ठेवून मी उठले. भीक नको पण कुत्रं आवर, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला ऐनवेळी सुचलं नाही.

तर डबा भरलेला घरी यायला लागला. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, “काय गं, बरं नाही का?” दुसऱ्या दिवशी, “तिखट झालं होतं का?” मग त्यांनी भाजीत तिखट घालायचं सोडलं. मग गूळ जास्त. मग थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा. एकदा साबुदाण्याची खिचडी केली, शेजारणीला विचारून एकदा लखनवी तहरी, म्हणजे तिकडचा मसालेभात, तीही केली. ती चिकट झाली होती, आणि ती सकाळी पाचला उठून केली होती. ते सगळं संध्याकाळी तसंच परत. काकू डबा उघडायच्या, बघायच्या, झाकण लावायच्या. आता मी दारात रेंगाळत नसे. त्यांचं तोंड बघवायचं नाही. सांगायचं कसं? सांगितलं तर वर्गाला सगळं कळलंय हे त्यांना कळणार, आणि ‘बाकी काही सांगायचं नाही’ हे तर त्यांनीच बजावलेलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी एक म्हण आहे. मला आई नव्हती आणि बापही नव्हता, तरी ती नेमकी मलाच लागू पडली.

पौषात एक दिवस काकूंनी गादी उन्हात टाकायला काढली, तर खाली वहीच्या कागदात गुंडाळलेल्या पुऱ्या सापडल्या. कडक झालेल्या, सातआठ. बालिकागृहातून आलेलं कुठलंही मूल खाऊ लपवतं. उद्या मिळेलच याची खात्री नसते, म्हणून. ते बालिकागृहात कुणाला सांगावं लागत नाही, आणि काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. पुऱ्या परातीत घेऊन त्या माझ्यासमोर आल्या. “हे कुणाचं? हे खातेस तू? आणि माझं नको?” त्यांनी परात खाली ठेवली. “बोल ना गं. काही तरी बोल.” मी जमिनीकडे बघत उभी राहिले, बहनजींसमोर राहायची तशी. तिथे गप्प राहिलं की शिक्षा लवकर संपायची. इथे ती सुरू झाली, हे मला कळलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझं तोंड मीच दाबून धरलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या एका बाईंकडे होतं. मी काकूंबरोबर गेले होते, तिळगूळ वाटत होते. अलकाचे वडील त्या बाईंच्या नवऱ्याच्या बँकेत होते, त्यामुळे गोष्ट फिरून तिथे पोचली होतीच. बाई वाण देता देता सहज म्हणाल्या, “काय हो, ही डबा नेत नाही का? वर्गातल्या मुली आळीपाळीने जेवू घालतात म्हणे बिचारीला.” काकूंच्या ओटीतले हरभरे खाली सांडले. त्या वाकून एकेक गोळा करत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. साताऱ्याकडच्या एका स्वाभिमानी बाईला, जी पहाटे पाचला उठून तहरी करत होती, भरल्या बायकांत ‘तुम्ही पोरीला उपाशी ठेवता’ असं ऐकवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. मी वर्गाच्या दारात उभी होते. वाटलं, आता सुटले. आता मिस सांगेल, तक्ता मीच लावला, हिने काही मागितलं नाही. मिसने काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. “आप बिल्कुल चिंता न करें। पूरी क्लास जानती है, सब इसका ख़याल रखते हैं। और बेचारी कभी मना नहीं करती, सब चाट-पोंछ के खा लेती है।” काकूंनी हात सोडवून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गाला सगळं माहीत आहे, म्हणजे मीच सांगत फिरले. सगळं खाते, म्हणजे भूक आहे. फक्त त्यांच्या हातचं नको आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि त्यातून निघालेलं सगळं खोटं. मी “काकू” म्हणून हाक मारली, पण त्या पायऱ्या उतरल्या होत्या.

रात्री जेवताना काका म्हणाले, “अगं, पोर आहे. वेळ लागतो.” काकू म्हणाल्या, “चार महिने झाले. माझा घास तिच्या घशाखाली उतरत नाही हो. जबरदस्तीने आई होता येत नाही. आणि लोकांची बोलणी मी का खाऊ?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “होळीपर्यंतच म्हटलं होतं त्यांनी.” काकांनी आमटीचा भुरका मारला. काकांचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ते रोज पानं तपासायचे, कीड कुठून लागली ते शोधायचे. समोर बसलेल्या पोरीला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारायला त्यांना पाच मिनिटं लागली असती.

पुष्कळ वर्षं मी त्या मुलीलाच बोल लावत आले, की बोलायचं होतंस. आता नाही लावत. ती अकरा वर्षांची होती. तिच्याभोवती मोठी माणसं चार होती, चौघंही भली, आणि चौघांनीही तिच्याविषयी एकमेकांशी बोलून घेतलं. तिच्याशी कुणी बोललं नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात मला परत नेलं. त्या सकाळीही पोळपाट वाजला. चार, दोन, आणि मग पुन्हा दोन. माझ्या दोन पोळ्या त्या दिवशीही लाटल्या गेल्या, सवयीने की मुद्दाम, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. काकू दारापर्यंत आल्या, डबा माझ्या हातात दिला, माझी वेणी पुढे घेऊन उगाच नीट केली आणि आत गेल्या. स्कूटरवर मी काकांच्या मागे बसले होते, मांडीवर डबा. रस्ताभर गव्हाची शेतं पिवळी पडत आलेली.

काका बहनजींच्या खोलीत सह्या करायला गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि डबा उघडला. दोन पोळ्या, बटाट्याची पिवळी भाजी, आणि छोट्या वाटीत गूळतूप. पहिल्या महिन्यातला डबा. मी खाल्लं. भराभर नाही, एकेक घास, सगळं. वाटीला लागलेलं तूप बोटाने पुसून घेतलं. मग नळावर जाऊन डबा राखेने घासला, फ्रॉकच्या घेराने कोरडा पुसला आणि धावत खोलीकडे आले. काकांनी तो नेऊन काकूंना दाखवला की झालं. त्या संध्याकाळी उघडतील, आत बघतील, त्यांना कळेल. खोलीत काका नव्हते. फाटकापलीकडे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी पळत गेले, तोवर चौकीदाराने कडी घातली होती आणि रस्त्यावर नुसती धूळ होती.

बहनजी मागून आल्या. “क्या हुआ?” मी डबा पुढे केला. “यह काकी का है। ख़ाली हो गया। उनको वापस देना है।”

बहनजींनी डबा हातात घेतला, उघडून आत पाहिलं, झाकण फिरवून उजेडात धरलं. “इस पर तो तुम्हारा नाम लिखा है,” त्या म्हणाल्या. “जिस पर नाम लिख दिया, उसे भी कोई वापस करता है?”